चिठ्ठीतल्या तीन ओळी

"चिठ्ठी आणलीय का?" हा प्रश्न गिरिजा दिवसातून साठ-सत्तर वेळा विचारायची आणि त्यातल्या निदान वीस वेळा तरी समोरच्याचा पारा चढायचा. माणूस आपल्या पायांनी चालत आलेला असायचा, फी भरायला तयार असायचा, आत मशीन रिकामं पडलेलं असायचं आणि ही बाई म्हणायची, डॉक्टरांची चिठ्ठी आणा. माझ्या पोटात काय आहे ते बघायला मला दुसऱ्याची परवानगी कशाला? विचारणं काही गैर नव्हतं. मनातून गिरिजाही त्यांच्याच बाजूची होती. अठरा वर्षं ती मिरजेत तंत्रज्ञ म्हणून मशिनींवर काम करत होती. आधी एक्स-रे, मग सीटी, मग एमआरआय आणि आता आरसा. चिठ्ठी म्हणजे नाटकाच्या तिकिटासारखा एक कागद, दारात दाखवायचा आणि आत जायचं, एवढंच तिचं त्याबद्दल मत होतं.

आरसा हे मशिनीचं खरं नाव नव्हे. खरं नाव इंग्रजी अक्षरांचं आणि आकड्यांचं होतं, ते कंपनीच्या लोकांनाही धड पाठ नव्हतं. माणसाच्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणी असतं, आणि चुंबकाजवळ नेलं की त्या पाण्याचे कण एका तालात डोलतात. तो ताल ऐकून आतलं चित्र काढायचं, ही एमआरआयची जुनी युक्ती. पण त्यासाठी खोलीएवढं चुंबक, ते गार ठेवायला हेलियम आणि रुग्णाचा पाऊण तास लागायचा. आरशाने दुबळ्या चुंबकावर भागवलं. दुबळ्या चुंबकाचा आवाज क्षीण येतो आणि गोंगाटात हरवतो. तो निवडून काढायचं काम मशिनीतल्या संगणकाने उचललं. लाखो माणसांची आतली चित्रं बघून तो तयार झाला होता. किरणांचा धोका नाही, टोचणं नाही, चार मिनिटांत डोक्यापासून पायापर्यंत माणूस पडद्यावर.

पहिली तीन वर्षं आरसा सगळ्यांना खुला होता. त्या तीन वर्षांत लोकांनी काय काय केलं ते आता सांगितलं तर हसू येतं. वाढदिवसाला आरसा, निवृत्तीला आरसा, गृहप्रवेशाच्या आधी नवराबायकोचा जोडीने आरसा. मुलगी बघायला गेलं की पत्रिकेखाली आरशाचा अहवाल सरकवायची पद्धत पडली. बत्तीस-बत्तीस गुण जुळूनही यकृतावरच्या एका ठिपक्यापायी सोयरिकी मोडल्या. मोडणाऱ्यांनी स्वतःचं यकृत बघितलं असतं तर तिथेही ठिपका निघाला असता. चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही चार मिनिटं टक लावून बघितलं की काहीतरी सापडतंच. थायरॉइडमध्ये दाणा, मूत्रपिंडावर पाण्याची पिशवी, फुप्फुसात कधीच्या काळच्या खोकल्याची खूण. यातलं बहुतेक सगळं माणसाबरोबर निवांत म्हातारं होतं आणि त्याच्याबरोबरच जातं. पण दिसलं की ते काय आहे हे बघावं लागतं. बघायचं म्हणजे सुई घालायची, तुकडा काढायचा, कधी रक्त वाहायचं, कधी चिरायचं. तीन वर्षांत राज्यातल्या थायरॉइडच्या शस्त्रक्रिया नऊ पटींनी वाढल्या. थायरॉइडच्या कर्करोगाने मरणाऱ्यांचा आकडा मात्र जिथल्या तिथे राहिला.

मग चिठ्ठीचा कायदा आला. ज्या डॉक्टरने रुग्णाच्या अंगाला हात लावून तपासलं आहे, त्याने एक प्रश्न लिहून द्यायचा. प्रश्नाशिवाय आरसा सुरूच होणार नाही. नुसतं एवढंच नव्हे, तर संगणक चित्र वाचायच्या आधी चिठ्ठी वाचणार आणि तिच्या आधाराने चित्राचा अर्थ लावणार. हा दुसरा मुद्दा तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणात दुपारच्या सत्रात समजावला होता. त्या दिवशी जेवणात बासुंदी होती, आणि दुपारच्या सत्रात गिरिजाच्या ओळीतली निम्मी माणसं डुलक्या घेत होती. गिरिजाही.

महांतेश केंद्रावर आला तो फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमारास. हातात स्टीलचा डबा. महांतेश कोरे म्हणजे गिरिजाचा थोरला भाऊ, मिरज आणि आसपासच्या लिंगायत लग्नांतला नावाजलेला आचारी. वय बावन्न, वजन चौऱ्याऐंशी किलो. हजार पानांची पंगत असली तरी प्रत्येक पदार्थ स्वतः चाखल्याशिवाय तो पहिला वाढपी पुढे सोडायचा नाही. वडील लवकर गेले तेव्हा चुलीपुढे उभं राहून त्यानेच गिरिजाचं शिक्षण केलं होतं.

"हुग्गी आणलीय," त्याने डबा टेबलावर ठेवला. गव्हाच्या खिरीचा वास काउंटरभर पसरला. "गिरजे, माझा एकदा आरसा काढ की."

"काय होतंय तुला, अण्णा?"

"काही होत नाही. तेच म्हणायलोय. काही व्हायच्या आत बघून घेऊ."

"बंडूदादाचं मनात घेऊन बसलायस तू."

बंडू चौगुले त्याला खवा पुरवायचा. पंचवीस वर्षांची दोस्ती. "त्याला तरी काय होत होतं गं?" महांतेश म्हणाला. "गणपतीत माझ्याबरोबर बसून पाचशे लाडू वळले त्यानं. नवरात्रात डोळे पिवळे झाले आणि दिवाळी काही बघितली नाही. स्वादुपिंड म्हणाले. मी आजवर असला अवयव आहे हेच ऐकलं नव्हतं."

"मग नदाफ डॉक्टरांकडं जा. चिठ्ठी देतील."

"जाऊन आलोय. देत नाहीत."

डॉक्टर नदाफ कोरे घराण्याचे दोन पिढ्यांचे डॉक्टर. सत्तरी उलटली तरी सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात बसायचे. त्यांनी महांतेशला चांगला पाऊण तास तपासलं होतं. पोट दाबून बघितलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, वजनाची जुनी वही काढून तीन वर्षांचे आकडे ताडून बघितले, शौचाचा रंगसुद्धा विचारला. मग म्हणाले, "महांतेश, तुझ्यात मला विचारण्यासारखा प्रश्न सापडत नाही. प्रश्न नसताना उत्तर मागायला गेलास तर मशीन काहीतरी भलतंच हातात देईल. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला? घरी जा, तूप जरा कमी खा."

"आता सांग," महांतेश म्हणाला, "बंडूच्या डॉक्टरनं पण त्याला असंच घरी पाठवलं असेल की नाही?"

गिरिजाकडे एक वाट होती. केंद्राचे डॉक्टर उपाध्ये यांची एक पद्धत होती. गावोगावच्या दवाखान्यांतून आलेल्या चिठ्ठ्या गिरिजा सकाळी एकत्र लावायची, आणि उपाध्ये चहा पिता पिता सगळ्या गठ्ठ्याला मिळून मंजुरीचा एकच अंगठा उमटवायचे. कायद्याप्रमाणे प्रत्येक चिठ्ठी वाचून अंगठा द्यायचा होता, पण तसं केलं असतं तर चहा गार झाला असता. गठ्ठ्यात एक चिठ्ठी जास्त घातली तर कळायला वाव नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरिजाने ती घातली. काय लिहायचं हे तिला आठवावंही लागलं नाही. पोटाच्या तपासणीसाठी तीन ओळी सगळ्या तंत्रज्ञांना तोंडपाठ होत्या, कारण त्या ओळी असल्या की मशीन सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात बारकाईने बघायचं. 'तीन महिन्यांत सहा किलो वजन कमी. जेवणानंतर पोटात दुखून कळ पाठीत जाते. भूक मंदावली, रक्तातली साखर नव्याने वाढली.' साधा प्रश्न लिहिला असता तर साधी नजर मिळाली असती. भावाच्या बाबतीत तिला हात आखडायचा नव्हता. त्याने आजवर तिच्याकडे काही मागितलंच नव्हतं.

आरसा अकरा मिनिटं चालला. महांतेश बाहेर येऊन सदऱ्याची बटणं लावत होता तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. अहवाल एकाच वेळी रुग्णाला आणि केंद्राला जायचा, असा नियम होता. दोघांनी आपापल्या जागी तो वाचला. स्वादुपिंडाच्या डोक्याशी नऊ मिलिमीटरची गाठ. नोंदवलेली लक्षणं पाहता कर्करोगाची शक्यता एकाहत्तर टक्के. विलंब न लावता शल्यचिकित्सकाची भेट घ्यावी.

महांतेश बाकावर बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "बघितलंस? म्हणत होतो की नाही मी?" त्याच्या आवाजात भीती तर होतीच, पण आपलं खरं ठरल्याचं एक विचित्र समाधानही होतं.

पुण्याच्या शल्यचिकित्सकाने अहवाल बघून नऊ दिवसांनंतरची तारीख दिली. शस्त्रक्रिया मोठी होती. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय आणि जठराचा एक तुकडा असं सगळं काढून उरलेलं पुन्हा जोडायचं. त्याने विचारलं, "सहा किलो वजन कमी झालंय ना?" महांतेश म्हणाला, "झालं असेल. पँट ढिली होतीय खरी." पँट ढिली होत होतीच. चार दिवस त्याने धड अन्न खाल्लं नव्हतं. पाठीतही कळ यायला लागली होती. शांभवी वहिनीने देवाजवळ तेलाचा अखंड दिवा लावला. तिने कुणालाही, अगदी महांतेशलाही, एकाहत्तर हा आकडा पुन्हा उच्चारू दिला नाही.

गिरिजा डॉक्टर नदाफांकडे गेली ती खरं तर त्यांना चार शब्द सुनावायला. तुम्ही चिठ्ठी दिली नाहीत, आणि बघा काय निघालं. नदाफांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, अहवाल मागितला, आणि गाठीकडे न बघता वर छापलेली चिठ्ठी आधी वाचली.

"ह्या तीन ओळी कुणी लिहिल्या?"

गिरिजाने अहवाल परत घ्यायला हात पुढे केला.

"सोळा तारखेला माझ्या काट्यावर त्याचं वजन चौऱ्याऐंशी होतं. तीन महिन्यांमागं त्र्याऐंशी होतं. साखर शंभराच्या आत. भूक तर तुला माहीत आहे. मग कुणाचं दुखणं लिहिलंस तू हे?"

"मशीन उघडायला काहीतरी लिहावंच लागतं, डॉक्टर. ते नुसतं दारापुरतं असतं."

"दारापुरतं?" नदाफांनी चष्मा काढला. "गिरिजा, तुमच्या गल्लीत आठ दिवस रोज घरं फुटायलीत असं समज. आज तुझं कुत्रं भुंकलं. तू काय समजशील?"

"चोर आला म्हणून."

"आणि वर्षानुवर्षं गल्लीत एक चोरी नाही. तेच कुत्रं, तसंच भुंकलं. मग?"

"मांजर असेल."

"भुंकणं एकच. गल्ली कसली आहे त्यावर अर्थ ठरतो. नऊ मिलिमीटरची असली गाठ पन्नाशीतल्या शंभर माणसांचे आरसे काढलेस तर पाच-सात जणांत सापडेल. जन्मभर कुणाला पत्ता लागत नाही. पण ज्याचं वजन उतरतंय, भूक गेलीय, साखर चढलीय, त्याच्या पोटात तीच गाठ दिसली तर गोष्ट वेगळी. म्हणून मशीन आधी चिठ्ठी वाचतं. तू त्याला सांगितलंस की ह्या गल्लीत रोज चोऱ्या होतायत. त्यानं तुझ्यावर विश्वास ठेवला. खोटं मशीन बोललेलं नाही."

गिरिजाला प्रशिक्षणातली ती दुपार आठवली. इतकी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"आता काय करू?"

"चित्र तेच राहू दे. चिठ्ठी खरी कर आणि परत वाचायला लाव. त्यासाठी जे लिहिलंस ते खोटं होतं हे कबूल करावं लागेल तुला."

कबूल करायचं म्हणजे परवान्यावर पाणी सोडायचं, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने दोन दिवस घालवले ते केवळ परवान्यासाठी नव्हे. दुसरीच भीती तिला खात होती. आकडा उतरला, अण्णाने शस्त्रक्रिया टाळली, आणि ती गाठ खरोखरच वाईट निघाली तर? गप्प राहावं तर निरोगी माणूस चिरला जाणार, बोलावं तर कदाचित आपल्याच बोलण्याने तो मरणार. इकडे आड तिकडे विहीर. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने एवढंच ठरवलं की गाठ कसली आहे हे आपल्याला ठाऊक नाही, पण आपण खोटं लिहिलं हे पक्कं ठाऊक आहे. निदान तेवढं तरी दुरुस्त करावं.

डॉक्टर उपाध्यांनी ऐकलं आणि त्यांच्या हातातला कप बशीत आपटला. "अहो गिरिजाबाई, अंगठा माझा आहे त्याच्यावर!"

"म्हणूनच तुमच्याकडे आलेय, सर."

पुष्कळ वाटा त्यांच्या मनात येऊन गेल्या असाव्यात, पण शेवटी त्यांनी स्वतःच वरिष्ठांना कळवलं आणि नोंद दुरुस्तीसाठी उघडली. नवी चिठ्ठी नदाफांनी लिहिली. कोरा प्रश्न मशीन घेत नव्हतं, म्हणून त्यांनी खरं होतं तेच लिहिलं: 'तक्रार कोणतीही नाही. तपासणीत दोष नाही. वजन, भूक, साखर उत्तम. आधी अकारण काढलेल्या चित्रात दिसलेल्या गाठीचं काय करावं?' संगणकाने तेच चित्र पुन्हा वाचलं. नऊ मिलिमीटर, कडा गुळगुळीत, आत पाण्यासारखा द्रव. कर्करोगाची शक्यता तीन टक्के. सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे.

गिरिजा तो कागद घेऊन धावतच भावाकडे गेली. महांतेश आणि शांभवी वहिनी पुण्याला न्यायची बॅग भरत होते. तिने सगळं सांगितलं. खोटं काय लिहिलं, का लिहिलं, अंगठा कसा घेतला, कुत्रं आणि चोर, सगळं. सांगताना ती रडली. महांतेश कागद हातात घेऊन म्हणाला, "बुधवारी एकाहत्तर, आज तीन. भाजी मंडईत तरी एवढा भाव उतरतो का गं?"

"अण्णा, एकाहत्तर माझ्या खोटेपणाचे होते."

"असतील. पण गाठ आहे की नाही?"

"आहे."

"नऊ मिलिमीटर?"

"हो. पण—"

"मग भाव कितीही सांग. तीन म्हणजे शून्य नव्हे. बंडू त्या तिघांतलाच एक होता."

"ऑपरेशनमध्येच शंभरातली दोन-तीन माणसं जातात अण्णा. आणि वाचतात त्यांचं खाणंपिणं पहिल्यासारखं राहत नाही. तू आचारी आहेस."

महांतेश थोडा वेळ कागदाची घडी घालत आणि उलगडत बसला. "टेबलावर गेलो तर डॉक्टरच्या हातानं गेलो. घरात बसून गाठीनं गेलो तर माझ्या हातानं गेलो. सहा महिने मी हे पोटात घेऊन हिंडू? माहीत नव्हतं तोवर हिंडलोच असतो की. आता कसं हिंडू?"

"काढून टाकू दे गं त्यांना," शांभवी वहिनी म्हणाली. "एकदाचं निघून जाऊ दे."

पुण्याच्या शल्यचिकित्सकाने नवा अहवाल पाहून शस्त्रक्रिया रद्द केली आणि थांबायला सांगितलं. महांतेश थांबला नाही. त्याने दुसरा डॉक्टर शोधला, तो नाही म्हणाला म्हणून तिसरा शोधला. पाहिजे ते बोलणारा डॉक्टर शोधणाऱ्याला कधी ना कधी सापडतोच. मार्चच्या अखेरीला सात तासांची शस्त्रक्रिया झाली. टाक्यांतून गळती झाली, ताप चढला, दोनदा अतिदक्षता विभागात न्यावं लागलं. एकतिसाव्या दिवशी तो घरी आला. काढलेल्या गाठीचा तपासणी अहवाल त्याच्या आधीच आला होता. साधी पाण्याची पिशवी. अपायकारक काहीही नाही.

घरात पेढे वाटले गेले. महांतेशने प्रत्येकाला फोन करून सांगितलं, "वेळेत निघाली म्हणून साधी निघाली! चार महिने गेले असते तर संपलंच होतं. बहिणीनं नोकरीवर पाणी सोडून माझी चिठ्ठी लिहिली." गिरिजाचा परवाना वर्षभरासाठी निलंबित झाला होता, उपाध्यांची बदली झाली होती. गल्लीत मात्र तिचा मान वाढला. एका मंडळाने हळदीकुंकवाला तिला मुद्दाम बोलावून सत्कार करायचं ठरवलं. ती पाय मुरगळल्याचं सांगून गेली नाही. गाठ काढायची गरजच नव्हती हे अण्णाला सांगावं का, असं तिने नदाफांना विचारलं. ते म्हणाले, "जे गेलं ते परत शिवता येणार नाही. माणसाला काहीतरी धरून जगावं लागतं. राहू दे त्याला."

म्हणून ती गप्प राहिली. महांतेश अडुसष्ट किलोवर आला होता. जेवण झालं की पोटात कळ उठून पाठीत जायची. भूक मेली होती, आणि उरलेलं स्वादुपिंड साखर सांभाळू शकत नव्हतं. चिठ्ठीतल्या तिन्ही ओळी आता खऱ्या झाल्या होत्या. पंगतीला तो अजूनही जायचा, पण खुर्ची टाकून बसायचा, आणि चाखायचं काम त्याने पुतण्याकडे दिलं होतं. पुतण्याला मीठ कळायचं, गूळ कळत नव्हता.

वर्ष संपलं, गिरिजाचा परवाना परत मिळाला. पुढच्याच रविवारी महांतेशने तिला जेवायला बोलावलं. ती गेली तेव्हा बाहेरच्या खोलीत भालचंद्र खोत बसले होते. मंडप आणि सजावटीचा धंदा करणारे, महांतेशच्या रोजच्या बैठकीतले, पन्नाशीचे गुटगुटीत गृहस्थ.

"हीच आमची गिरजा," महांतेश म्हणाला. "गिरजे, खोतांचं एक काम आहे. तू रुजू झालीस म्हणून म्हटलं आधी तुझ्या कानावर घालू."

"काय होतंय तुम्हाला?" गिरिजाने विचारलं.

"तसं काही नाही हो," खोत संकोचून हसले. "जेवण चांगलं आहे, झोप चांगली आहे. पण हे म्हणतात, काही नसतानाच बघून घ्यायचं असतं. ह्यांचंच बघा ना."

"डॉक्टरांनी चिठ्ठी दिलीय?"

"ते कुठले देतायत!" महांतेश म्हणाला. "त्या तुझ्या तीन ओळी लिही की. आता कुणाच्या अंगठ्याखाली घालायचं ते तुला माहीत."

"नाही लिहिणार अण्णा."

"का? मला लिहिल्यास की. त्या लिहिल्यास म्हणून तर बसलोय इथं तुझ्यापुढं."

खोत दोघांकडे आळीपाळीने बघत होते. त्यांचं अंग भरलेलं होतं, चेहऱ्यावर तुकतुकी होती. वर्षापूर्वी केंद्राच्या बाकावर बसलेला अण्णा असाच दिसत होता. आता गप्प बसलं तर हा माणूस उद्या दुसऱ्या कुणाच्या गठ्ठ्यात शिरेल, त्याच्याही पोटात काहीतरी सापडेलच, आणि मग तो असाच कुणाच्या तरी हातात पोट देईल. नदाफ म्हणाले होते ते एका माणसापुरतं ठीक होतं.

"खोतसाहेब," ती म्हणाली, "अण्णाची ती गाठ काढली नसती तरी अण्णा आज इथे बसला असता. असा नाही, तुमच्यासारखा. चौऱ्याऐंशी किलोचा. ती गाठ त्याला कधीच काही करणार नव्हती. नदाफ डॉक्टर आधी म्हणाले होते, मशीन नंतर म्हणालं, आणि तपासणीत तेच निघालं. तुम्हाला काही होत नसेल तर घरी जा. होत असेल तर डॉक्टरांना हात लावून बघू द्या."

मंडपाचं सामान उतरवायचं आहे असं काहीतरी पुटपुटून खोत उठले, चपला घातल्या आणि गेले. स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता. शांभवी वहिनी चटणी वाटत होती.

महांतेश ताटावर बसला. शेजारच्या फडताळातून त्याने इन्सुलिनचं पेन काढलं, सुई बसवली, आकडा फिरवला. मग तो तसाच थांबला. पेनाकडे बघत त्याने विचारलं, "मग हे मी कशासाठी टोचून घेतोय गं?"

"मी चिठ्ठीत खोटं लिहिलं म्हणून," गिरिजा म्हणाली. "आणि खरं लिहून आणलं तेव्हा तू ऐकलं नाहीस म्हणून."

त्याने सदरा वर केला. व्रणापासून चार बोटं दूरची कातडी चिमटीत धरली, सुई टोचली, आणि शिकवलं होतं तसं मनातल्या मनात दहा आकडे मोजले. मिक्सर थांबला. महांतेशने सदरा खाली ओढला आणि पुढे झुकून हळू आवाजात म्हणाला, "तपासणीचा कागद आला त्या दिवशीच कळलंय मला. लोकांना सांगत सुटलो ते मलाच पटावं म्हणून. हळू बोल. तिला वाटतंय, तू मला वाचवलंस."

शांभवी वहिनी गरम भाकरी घेऊन बाहेर आली. ऑपरेशन झाल्यापासून गिरिजा घरी आली की तव्यावरची पहिली भाकरी ती दुसऱ्या कुणालाच देत नसे, अगदी नवऱ्यालाही. आजही तिने ती गिरिजाच्या ताटात वाढली, वर लोण्याचा गोळा ठेवला, आणि ती खायला लागेपर्यंत तिथेच उभी राहिली.